थर्मामीटर वितळेल, मग तापमान मोजायचं कसं?

"एक कोटी अंश तापमान" असं पुस्तकात आलं की मुलं ते पाठ करतात. पण एखादं मूल विचारतंच, "सर, हे मोजलं कोणी?" प्रश्न अगदी रास्त आहे.

आपल्या पुण्यापासून जवळ, मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर ही संस्था आहे. तिथे प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या प्रयोगशाळेत अतितीव्र लेझरचा झोत निर्वात पेटीतल्या घन पदार्थावर सोडतात. झोत टिकतो सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहूनही कमी वेळ! तेवढ्यात पृष्ठभागावरच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा तयार होतो. याला थर्मामीटर लावणार कसा? म्हणून त्यातून बाहेर पडणारा प्रकाशच वाचायचा.

लोखंड तापलं की आधी लाल, मग पिवळसर दिसतं, हे आपण पाहतो. तापमान वाढतं तशी किरणांची तरंगलांबी कमी होते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5800 केल्विन, त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसतो. कोटी केल्विनला मात्र मुख्यतः क्ष-किरण निघतात. प्लाझ्मा पसरून थंड होताना दिसणारा प्रकाश देत राहतो. आतल्या तप्त भागाची बातमी क्ष-किरणच देतात.

मोजण्याची युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे. दळण किती भरड आहे ते कसं कळेल? दोन चाळण्या घ्या. मोठ्या भोकांच्या चाळणीवर फक्त भरड उरतं, बारीक चाळणीवर भरड आणि मध्यम दोन्ही. दोन्ही वजनांचं गुणोत्तर काढा, झालं! तसंच इथे अॅल्युमिनियमचे पातळ आणि जाड असे दोन पत्रे डिटेक्टरपुढे ठेवतात. जाड पत्र्यातून फक्त जास्त ऊर्जेचे किरण पार होतात. दोन्ही नोंदींच्या गुणोत्तरावरून तापमान काढतात.

पण एक मेख आहे. लेझरमुळे थोडे इलेक्ट्रॉन फारच वेगवान होतात आणि तेही जोरदार क्ष-किरण देतात. मग उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येतं. म्हणून दोनवर न थांबता अनेक जाडीचे पत्रे वापरून ताळा करतात.

वर्गात दोन प्रकारची दळणं आणि दोन चाळण्या आणून हा प्रयोग जरूर करा. आकडा पाठ असण्यापेक्षा तो कुठून आला हे मुलांना सांगता येणं जास्त मोलाचं.