प्रोग्रॅमरांचा परिषदप्रवास

ज्या विद्येचा बहुतेक व्यवहार पडद्यावरच उरकतो, तिच्या उपासकांनी एकमेकांस भेटण्यासाठी शेकडो मैल मोटारीने का जावे, असा प्रश्न पुष्कळ घरांतून विचारला जातो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाने अथवा मुलीने परिषदेस जाण्याची परवानगी मागितली, की वडीलधाऱ्यांस ती सहल वाटते. व्याख्याने तर मागाहून इंटरनेटवर विनामूल्य पाहावयास मिळतात; मग हा खटाटोप कशासाठी? शंका रास्त आहे, आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने विचार केला असता तिचे उत्तर सहज उमगते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः शेतीवर जगणारा. तेथे घरी बसून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरास पाठ्यग्रंथ व साधने पुणेकराइतकीच सुलभ असतात. उणीव असते ती समव्यवसायी सोबत्यांची. आपले काम चांगले की सामान्य, आपण योजिलेली रीत शहाणपणाची की कालबाह्य, हे समानशीलांच्या सहवासावाचून कळत नाही. ही उणीव भरून काढणे हाच परिषदांचा मुख्य हेतू होय.

पायथॉन या संगणकभाषेची अखिल भारतीय परिषद, पायकॉन इंडिया, हे याचे उत्तम उदाहरण आहे. ती प्रथम २००९ साली बंगळूर येथे भरली. २०११ साली पुण्यास, तर २०१८ आणि २०२३ साली हैदराबादेस. तिची व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. हैदराबादशी हिंगोलीचा संबंध जुना आहे. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात मोडत होता. आज अकोल्याहून निघणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग हिंगोली, वारंगा फाटा, नांदेड, देगलूर असा संगारेड्डीस जातो, व तेथून हैदराबाद जवळच आहे. हिंगोलीपासूनचे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर भरते. चौघापाचांनी मिळून मोटार केली, तर खर्चही वाटला जातो.

या सहासात तासांच्या प्रवासास परिषदेचा पूर्वार्ध म्हणावयास हरकत नाही. एकाचे काम बँकेच्या हिशेबांचे, दुसऱ्याचे हवामानाच्या आकड्यांचे, तिसरा अद्याप विद्यार्थी. प्रत्येकजण आपली अडलेली गोष्ट सांगू लागतो. प्रोग्रॅममधील दोष दुसऱ्यास समजावून देत असतानाच तो सांगणाऱ्याच्या स्वतःच्या ध्यानी येतो, हा या धंद्यातील नित्याचा अनुभव आहे. एकांतात गृहीत धरलेली पायरी तोंडाने सांगताना उघडी पडते, हेच त्याचे कारण. शिवाय नवख्यास जे प्रश्न सभेत विचारण्याचा संकोच वाटतो, ते मोटारीत निःसंकोच विचारले जातात.

प्रत्यक्ष परिषदेत व्याख्यानांइतकेच महत्त्व मधल्या वेळेतील संभाषणास असते. यशाची हकीकत व्यासपीठावरून सांगितली जाते. कोणता प्रयोग फसला व का फसला, हे चहाच्या वेळी कळते. पुढे ‘स्प्रिंट’ नावाच्या बैठका होतात. त्यांत सर्वांस खुल्या असलेल्या प्रोग्रॅमांचे मुरब्बी कर्ते नवख्यांस शेजारी बसवून दुरुस्त्या करवून घेतात. आपण लिहिलेल्या चार ओळी जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनात सामील झाल्या, की लहान गावातील विद्यार्थ्याचा आत्मविश्वास पालटतो. ध्वनिचित्रमुद्रणातून हे मिळत नाही.

परतीच्या वाटेवर ऐकलेल्याची छाननी होते व पुढे काय शिकावयाचे ते ठरते. मात्र दोनतीन दिवसांच्या जागरणानंतर रात्रीच मोटार हाकणे अविचाराचे आहे. एक रात्र विसावा घेऊन सकाळी निघावे आणि चालक आलटून पालटून बसावेत. मुलींच्या बाबतीत ओळखीच्या मंडळींची सोबत असली, म्हणजे घरची संमती मिळणेही सुकर होते.

हिंगोलीस या विद्येचे आणखीही एक प्रयोजन आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा योजिली असून, २०२३ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. अमेरिकेतील अशाच वेधशाळांची निरीक्षणे सर्वांस खुली असून, ती तपासावयास शिकविणारे पाठ पायथॉनमध्येच लिहिलेले आहेत. ही वेधशाळा उभी राहील, तेव्हा जिल्ह्यातील तरुणांनी तिच्या भिंती बाहेरूनच पाहावयाच्या, की तिच्या निरीक्षणांचा अर्थ लावण्याच्या कामात भाग घ्यावयाचा, हे त्यांच्या आजच्या तयारीवर अवलंबून आहे. त्या तयारीसाठी वर्षाकाठी चार दिवस आणि मोटारभाड्याचा एक हिस्सा खर्ची पडला, तर तो खर्च शिक्षणाच्याच खात्यावर मांडणे योग्य होईल.