परसांतील नंदी-टोमॅटो

चातुर्मास सोडला तर आमच्या घरांत वांग्याला कधींच मज्जाव नव्हता; टोमॅटोला मात्र फार वर्षें उंबऱ्याबाहेर थांबावें लागलें. कापलेल्या फळाचा रंग मांसासारखा दिसतो, एवढें आजीचें कारण असे, आणि त्यावर वाद घालण्याची कोणाची छाती नव्हती. वास्तविक वांगें, बटाटा, मिरची व टोमॅटो हीं एकाच कुळांतील भावंडें. परंतु वार्ताकी अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत मानानें बसलेली, आणि टोमॅटो अमेरिकेंतून समुद्रमार्गें आलेला उपरा. बंगाल्यांनीं त्याला विलायती वांगें म्हटलें, वऱ्हाडांत तो भेदरें झाला. पुरीच्या जगन्नाथाच्या महाप्रसादांत तो अद्यापि वर्ज्य आहे.

पुढें आमच्या स्वयंपाकघरांत त्याचा शिरकाव झाला. तरी थोरल्या वहिनींनीं तो कधीं तोंडीं लावला नाहीं. त्यांचें वय आज ८१. घरांतल्या अकरा माणसांसाठीं त्या टोमॅटोची कोशिंबीर करितात, ती न चाखतां. मीठ केवळ अंदाजानें. तें चुकल्याचें मला आठवत नव्हतें.

अशा घरांत चार वर्षांपूर्वीं मीं एक जुनें विलायती वाण आणिलें. इटलींत, फ्रान्सांत, रशियांत, जेथें जावें तेथें त्याच्या नांवाचा अर्थ एकच: बैलाचें हृदय. फळाचा आकार खरोखरच हृदयासारखा, वर रुंद व खालीं निमुळता. नांव ऐकून वहिनींनीं कपाळाला हात लाविला. नातवंडांनीं तोड काढिली. सोलापुरांत राहून बैलाचें दुसरें नांव ठाऊक नाहीं असें मूल सांपडणें कठीण. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेंत नंदीध्वज निघतात ते पाहतच तीं वाढतात. तेव्हांपासून तो ‘नंदी-टोमॅटो’ झाला.

पहिलें वर्ष केवळ माझ्या भाबडेपणामुळें गेलें. पुडीवर वसंतांत पेरण्याची सूचना होती, म्हणून मीं फाल्गुनांत पेरलें. विलायतेचा वसंत आणि आमचा वैशाख यांतील अंतर चाळीस वर्षें मुलांना शिकविणाऱ्यानें विसरावें, याला काय म्हणावें! रोपें वाढलीं, फुलेंही आलीं, आणि देठासकट गळून गेलीं. दिवसाचें उष्णमान ३५ अंशांपलीकडे गेलें व रात्रही गार होईनाशी झाली, म्हणजे टोमॅटोचे पराग निकामी होतात. एप्रिलांत चाळिशी ओलांडणाऱ्या गांवांत दुसरें काय व्हावयाचें होतें?

दुसऱ्या वर्षीं गणपति उठल्यावर बीं टाकिलें व दसऱ्याच्या सुमारास अकरा रोपें वाफ्यांत लाविलीं. या जातीचीं पानें बारीक, विरळ व स्वभावतःच खालीं मान घातलेलीं असतात, हें मला तेव्हां माहीत नव्हतें. रोप तहानलेलें आहे असें समजून मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालीत राहिलों. आमची काळी माती पाणी सोडीत नाहीं. मुळें कुजलीं व आठ रोपें माझ्या दयेनें मेलीं. हा दोष मी कोणावर ढकलूं?

उरलेल्या तिहींवर दुसरें संकट आलें. त्या वर्षीं आमच्या भागांत नळ चार दिवसांनीं येई. कोरडी माती एकदम भिजली कीं फळ तडकतें, आणि पाण्यांत असा खंड पडल्यानें चुना फळाच्या टोंकापर्यंत न पोंचतां तें काळें पडतें. शेवटीं प्रत्येक रोपाजवळ एक मडकें गळ्यापर्यंत पुरलें, त्यांत पाणी भरून ठेविलें आणि वाफ्यावर उंसाच्या पाचटाचा जाड थर घातला. मडकें झिरपत राहिलें व ओल टिकली. हा उपाय कोणीही करावा. खर्च जवळजवळ नाहीं.

मार्गशीर्षांत एक फळ इतरांहून स्पष्ट सरस दिसूं लागलें. नातवंडें रोज त्याला हात लावून येत. एके सकाळीं पाहतों तों त्याच्या देठाला पांढरी चिंधी बांधलेली. वहिनी म्हणाल्या, “भावोजी, हें बियाण्याचें. वेलावरचा पहिला चांगला दुध्या सासूबाई कधीं चिरूं देत नसत.” अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गांवठी बियाणें राखल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, तेव्हांही वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्या एवढेंच बोलल्या होत्या, “सासूबाई हेंच करीत.” मुलें हिरमुसलीं. चिंधीला मात्र कोणी हात लाविला नाहीं.

येथें मला एक गोष्ट सांगतां आली. दुध्या किंवा वांगें बियांसाठीं जून होऊं द्यावें लागतें, मग तें खाण्याजोगें राहत नाहीं. टोमॅटोचें तसें नाहीं. खाण्यास पिकला तो बियांसही पिकला. संक्रांतीच्या दोन दिवस आधीं फळ उतरविलें. वजन ३८० ग्रॅम भरलें. आडवें कापल्यावर आंत रस थोडा, बिया त्याहून थोड्या, बाकी सारा घट्ट गर. बिया वाटींत काढिल्या, गर ताटांत गेला.

बियांभोवतींचा बुळबुळीत लगदा त्यांना रुजूं देत नाहीं. म्हणून त्या थोड्या पाण्यांत दोन-तीन दिवस आंबवाव्या. वर साय धरते, घाण वास सुटतो, चांगल्या बिया तळाशीं बसतात. त्या धुवून चिनी मातीच्या बशींत सावलींत वाळवाव्या. कागदावर चिकटून बसतात. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून सरळ वाणाचें बीं आईच्या वळणावर जातें. संकरित टोमॅटोचें बीं राखल्यास पुढच्या पिढींत गुण विखुरतात. मेंडेलनें १८६६ सालीं वाटाण्यावरून हेंच दाखविलें.

चवीविषयीं स्पष्ट सांगतों. साराला हा टोमॅटो कुचकामाचा. त्याला ना पाणी ना आंबटपणा. साराला गांवरानच हवा. पण जाड चकती, कडक भाकरी व शेंगाची चटणी असा योग जुळला कीं बाजारचा टोमॅटो पुनः खावासा वाटत नाहीं. बाजारांत तो येतही नाहीं, कारण साल इतकी पातळ कीं मालमोटारींत एक दिवस निभावणार नाहीं. शीतकपाटांत ठेवूं नये. थंडीनें सुगंध जातो.

त्या दिवशीं वहिनींनीं गराची कोशिंबीर केली, आणि मीठ जास्त झालें. पानावर क्षणभर कोणी बोलेना. अखेर धाकट्या नातीनें सांगून टाकिलें. वहिनींनीं तिला विचारलें, “आंबट आहे कां ग?” ती म्हणाली, “नाहीं आजी, गोड आहे.” “तरीच,” वहिनी म्हणाल्या.

यंदा परसांत चोवीस रोपें आहेत व तीन फळांना चिंध्या बांधल्या आहेत. परवां पहिली कोशिंबीर झाली. मीठ निम्म्यावर आणून वहिनींनीं वर लिंबू पिळलें होतें. चाखली अर्थातच नव्हती. बरोबर झाली होती.