पुरिमसाठी पंच : एक मोठ्यांचा, एक मुलांचा

पुरिम जवळ आला, की आपल्या घरांत हामानच्या नावाने पाय आपटायची तयारी सुरू होते. कोकणात आपले पूर्वज याला ‘होळीचा सण’ म्हणत, कारण तो होळीच्या आसपासच येतो. पुरणपोळी तर हवीच. पण अलीकडे पार्टीत मधोमध पंचचे मोठे भांडेही दिसू लागले आहे. यंदा ते घरीच कसे करायचे ते पाहू.

मुलांनो, ‘पंच’ हा शब्द इंग्रजी वाटतो ना? पण तो आपल्या ‘पाच’वरूनच गेला असे मानतात. ईस्ट इंडिया कंपनीचे खलाशी हिंदुस्थानात आले, तेव्हा दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंचे हे पेय त्यांना आवडले. १६३२ सालच्या कंपनीच्या एका माणसाच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. म्हणजे आपण करणार ते काही परके नाही!

आपल्या पंचमध्येही पाचच वस्तू आहेत आणि त्यातली पहिली आहे मनुकांचे सरबत. कोकणात कोशेर वाईन कुठली मिळायला? म्हणून आपल्या आजी-पणजी शुक्रवारी काळ्या मनुका भिजत घालीत आणि त्या सरबतावर किद्दुश होई. मनुका म्हणजे द्राक्षेच, म्हणून बेराखा द्राक्षवेलीच्या फळाचाच. आज दुकानात वाईनच्या हव्या तेवढ्या बाटल्या मिळतात, त्यामुळे हे सरबत पुष्कळ घरांतून नाहीसे होत चालले आहे. ज्या आजींना ते येते त्यांनी या पुरिमला नातवंडांना हाताशी घ्यावे.

साहित्य (दोन भांड्यांसाठी) : काळ्या मनुका ५०० ग्रॅम, पाणी दीड लिटर, ६ संत्री, २ लिंबे, दालचिनीचा २ इंची तुकडा, ४ लवंगा, ६ वेलच्या, तांबडी वाईन १ बाटली (७५० मि.ली.), द्राक्षांचा रस ७५० मि.ली., सोडा २ लिटर. वाईन आणि रस दोन्हींवर कोशेरचा शिक्का पाहून घ्यावा.

कृती : मनुकांचे देठ काढून, धुऊन रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी त्याच पाण्यात हाताने छान कुस्करा आणि पातळ फडक्यातून पिळून गाळा. हे काम मुलांचे! मसाला एक पेला पाण्यात पाच मिनिटे उकळून, गार करून गाळा. सरबत, मसाल्याचे पाणी, संत्र्यांचा आणि लिंबांचा रस एकत्र करा. साखर घालू नका, मनुकांची गोडी पुरते.

आता याचे दोन सारखे भाग करा. एकात द्राक्षांचा रस घाला, ते मुलांचे भांडे. दुसऱ्यात वाईन, ते मोठ्यांचे. दोन्ही तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. सोडा अगदी वाढताना घाला, आधी घातला तर बुडबुडे निघून जातात. बर्फाचे लहान खडे लवकर वितळून पंच पाणचट करतात. त्याऐवजी वाडग्यात पाणी गोठवून एकच मोठा गोळा सोडा. प्रत्येक भांड्यातून लहान ग्लास १५ ते १८ निघतात.

दोन्हींचा रंग जवळजवळ सारखा दिसतो, म्हणून भांडी वेगवेगळ्या टेबलांवर ठेवा आणि मोठ्यांच्या डावाला लाल दोरा बांधा. ‘वाईन उकळली की दारू उडून जाते, मग मुलांना द्यायला हरकत नाही’ असे काही जण सांगतात. ते खरे नाही, थोडा वेळ उकळून सगळी दारू जात नाही. मुलांना त्यांच्याच भांड्यातले द्यावे.

मोठ्यांनीही जपावे. गोडीमुळे वाईन जाणवत नाही. एका ग्लासात ती साधारण ४० ते ५० मि.ली. असते, चार ग्लास झाले की वाईनचा चांगला मोठा पेला पोटात गेलेला असतो. एस्तेरचा उपास सोडून लगेच रिकाम्या पोटी पिऊ नका, आधी खाऊन घ्या. मधुमेह असेल तर मनुकांची साखर लक्षात ठेवा, आणि औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारा.

पुरिमला भरपूर प्यावे असे तालमुदात आहे खरे. पण मेगिल्लाच्या त्याच पानावर एक गोष्टही आहे. रब्बा आणि रब्बी झेरा पुरिमला बरोबर जेवायला बसले. नशेत रब्बाने झेराचा गळाच चिरला! दुसऱ्या दिवशी त्याने प्रार्थना केली आणि झेरा जिवंत झाला. पुढच्या वर्षी रब्बाने पुन्हा बोलावले. झेराने नको म्हटले, कारण चमत्कार काही दर वेळी होत नाही.

तेव्हा मंडळी, झेराचे शहाणपण ध्यानात ठेवून ग्लास भरा. आजोबांच्या हातात एक, नातवाच्या हातात दुसरा, आणि मनुकांची चव दोन्हींत तीच. लेखाईम! सर्वांना पुरिमच्या हार्दिक शुभेच्छा.