पुसलं म्हणजे गेलं का?

गेल्या मे महिन्यात आमच्या शाळेतला जुना संगणक भंगारात द्यायचं ठरलं. त्यात मुलांची नावं, पत्ते, आधार क्रमांक, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्यांचे क्रमांक, सगळं होतं. मी एकेक फाइल निवडून ‘डिलीट’ दाबलं, रीसायकल बिनही रिकामा केला आणि हात झटकले.

संगणकाचे सर म्हणाले, “बाई, थांबा जरा.” त्यांनी एक छोटासा प्रोग्रॅम चालवला, आणि काय सांगू, पाचच मिनिटांत चौथीची अख्खी यादी पडद्यावर हजर!

हे कसं झालं? विंडोजच्या फाइल एक्स्प्लोररमध्ये डिलीट दाबलं, की फाइल आधी रीसायकल बिनमध्ये जाऊन पडते. तिथून ती परत घेता येते. (चुकून पुसलेला प्रकल्प असाच वाचतो, बरं का!) शिफ्ट धरून डिलीट दाबलं किंवा बिन रिकामा केला, तर फाइल दिसेनाशी होते. पण होतं इतकंच, की हजेरीपटावरून नाव कमी होतं. मुलगा बाकावर बसलेलाच! त्या जागेवर दुसरी फाइल लिहिली जाईपर्यंत तो तिथून हलत नाही.

अमेरिकेत गार्फिंकल आणि शेलाट या दोघांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. २००३ साली त्यांनी निष्कर्ष छापला: चालू असलेल्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या फक्त १२! बाकीच्यांत लोकांची पत्रं आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांकसुद्धा सापडले.

मग खरं पुसायचं कसं? फाइलच्या जागेवर मुद्दाम शून्यं किंवा वाटेल ते आकडे लिहायचे. काही फाइल मॅनेजरमध्ये ही सोय असते. लिनक्समध्ये ‘श्रेड’ नावाची आज्ञा आहे. पस्तीस वेळा लिहायची पद्धत १९९६ साली निघाली होती, पण आजच्या हार्ड डिस्कला एकदा पुरतं. पेन ड्राइव्ह आणि एसएसडीचं मात्र वेगळं. कुठं लिहायचं ते त्यांची चिपच ठरवते, त्यामुळे जुनी प्रत मागे राहू शकते. त्यांतली माहिती पहिल्यापासून कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवलेली बरी.

आणि हो, असं पुसलेलं परत मिळत नाही. घरच्या संगणकावर आईबाबांना विचारल्याशिवाय मुळीच करू नका!

आमची डिस्क सरांनी रात्रभर शून्यांनी भरत ठेवली. भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं.