दाढेचा ठणका थांबला म्हणजे दुखणं गेलं असं नव्हे

वडोदरा : दांडिया बाजार असो की मकरपुरा, हा अनुभव बहुतेक घरांत येऊन गेलेला आहे. रात्री जेवण होतं, घरातले झोपायला जातात आणि साडेअकराच्या सुमारास एकाची दाढ ठणकायला लागते. लवंग धरून होते, मीठ-पाण्याच्या गुळण्या होतात, डब्यातली जुनी गोळी शोधून घेतली जाते. दोन-चार दिवस असे जातात आणि एका सकाळी ठणका आपोआप थांबतो. ‘सुटलो बुवा’ म्हणून माणूस कामाला लागतो आणि दवाखाना राहून जातो.

फसगत होते ती इथेच. उपचाराशिवाय ठणका थांबला, तर बहुतेक वेळा दाढ बरी झालेली नसते, तिच्या आतली नस मेलेली असते. नस मेल्यावर दुखणार काय? किड मात्र थांबत नाही. ती मुळाच्या टोकातून हाडात उतरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजवूनच वर येते.

रात्रीच का ठणकतं?

दाताचे तीन थर असतात. सगळ्यात वरचं पांढरं कवच शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, पण त्यात नस नसते. म्हणून किड कवचात असेपर्यंत काहीच कळत नाही. त्याखालच्या पिवळसर थरात किड पोचली की गार-गोड लागायला सुरुवात होते. सगळ्यात आत मऊ गर असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नस असते.

बोटाला मार लागला तर बोट सुजतं, कारण सुजायला जागा असते. दाताचा गर चारही बाजूंनी कठीण भिंतीत कोंडलेला आहे. तिथे सूज आली की सगळा दाब नसेवर येतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि आतला दाबही वाढतो. दिवसभर बरी असलेली दाढ उशीवर डोकं टेकताच सणका मारते ती त्यामुळे.

दुखण्याच्या पायऱ्या साधारण अशा असतात :

- गार पाणी लागलं की कळ येते आणि पाणी गिळताच जाते. इथे बहुतेक वेळा फिलिंगवर काम भागतं.
- गार-गरमाची कळ अर्धा मिनिट किंवा जास्त टिकते, काही न खाता-पिताही ठणकतं, रात्री झोपमोड होते. इथे गर वाचण्याची शक्यता कमी असते. रूट कॅनाल करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते.
- ठणका अचानक बंद होतो. गार-गरम काहीच कळत नाही. नस मेल्याची ही खूण आहे.
- चावताना दाढ उंच झाल्यासारखी लागते, हिरडीवर पुटकुळी येते, तोंडाला घाण चव येते. मुळाशी पू झालेला असतो.

हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या पायरीवर खर्च सगळ्यात कमी असतो आणि पुढे दर पायरीला व्याज चढतं. फिलिंग एका बैठकीत होतं. रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या लागू शकतात आणि वर टोपीचा खर्च वेगळा. दाढ काढली आणि जागा तशीच सोडली, तर शेजारचे दात कलतात. नवी बसवायची तर खर्च आणखी वाढतो.

घरचं औषध कुठपर्यंत?

लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं. ते नस थोडा वेळ बधिर करतं, त्यामुळे लवंगेने बरं वाटतं ते खरंच आहे. पण तेल कापसावर थेंबभर घ्यावं. भरपूर ओतलं तर हिरडी भाजते. कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्यांनी अडकलेलं अन्न निघतं आणि हिरडीला आराम पडतो. डोक्याखाली दोन उशा घेतल्या तर रात्रीचा ठणका कमी होतो. दवाखाना उघडेपर्यंत वेळ काढण्यासाठी हे ठीक आहे.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नयेत. गोळी दाढेत किंवा हिरडीवर धरू नये, विशेषतः ॲस्पिरिन. आतली कातडी जळते. सुजलेल्या गालावर गरम शेक देऊ नये. शेकायचंच असेल तर बाहेरून गार पट्टी ठेवावी. सुई, टाचणीने दाढ कोरू नये.

मेडिकलवरून ‘दाढेची गोळी द्या’ म्हणून घेतलेल्या पुडीतही धोका असतो. किडनीचा त्रास, पोटात अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल, तर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. साथीच्या दिवसांत तापही असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर या गोळ्या आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळाव्यात, रक्तस्राव वाढू शकतो. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड देण्यावर देशात 2011 पासून बंदी आहे.

अँटिबायोटिकचंही तसंच. नुसत्या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, मग औषध तरी कसं पोचणार? ताप आला, सूज पसरू लागली तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण तेव्हाही पू काढणं आणि दाढेवर उपचार करणं हेच मुख्य काम असतं.

थांबू नये अशी लक्षणं

गालाची सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरली, गिळताना त्रास होऊ लागला, तोंड उघडेना, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, श्वास लागला किंवा सुजेबरोबर थंडी-ताप आला, तर सकाळची वाट बघू नये. लगेच मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावं. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखाली आणि मानेत पसरला तर श्वासनलिका दबू शकते. यात जीव जाऊ शकतो. डायबेटिस असलेल्यांमध्ये संसर्ग वेगाने पसरतो. दाढ ठणकत असताना त्यांनी शुगरही तपासावी.

दुसरी गोष्ट. डाव्या किंवा खालच्या जबड्यात दुखतंय, दातात काही दिसत नाही आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप आहे, तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. अशा वेळी दाताच्या दवाखान्यात नव्हे, 108 ला फोन करून रुग्णालयात जावं. हा क्रमांक गुजरातेत आणि महाराष्ट्रात एकच आहे.

वडोदऱ्यात कुठे आणि काय बोलायचं?

शहरात सरकारी एसएसजी म्हणजे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल आहे. त्याशिवाय मुंजमहुडा भागात मनुभाई पटेल डेंटल कॉलेज आणि वाघोडिया तालुक्यात पिपरिया इथे के. एम. शाह डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजात शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च साधारणपणे खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. नंदुरबार-धुळ्याकडच्यांना धुळ्यात एसीपीएम डेंटल कॉलेज आहे. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, मात्र ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातलं फिलिंग, रूट कॅनाल त्यात धरून चालू नये.

नोकरीसाठी किंवा शिकायला नव्याने वडोदऱ्यात आलेल्यांची भाषेवरून थोडी गंमत होते. गुजरातीत दाढेला ‘दाढ’च म्हणतात, सणका मारतो त्याला ‘सणका’ आणि आंबट खाऊन दात आंबले तर ‘दांत अंबाई गया’. इथवर अडत नाही. पण डॉक्टर ‘पेढां’ सुजलेत म्हणाले तर ते हिरड्यांबद्दल बोलत असतात, मिठाईबद्दल नव्हे. ‘रसी’ म्हणजे पू. अक्कलदाढेला ‘डहापणनी दाढ’ म्हणतात. ‘दांत काढवा’चा बोलीतला अर्थ आपल्यासारखाच हसणं असा आहे, दात काढून घ्यायचा असेल तर ‘कढाववो’ किंवा ‘पडाववो’ म्हणावं. कधीपासून दुखतं, गारने की गरमने, कळ किती वेळ टिकते आणि कोणत्या गोळ्या सुरू आहेत, एवढं सांगितलं की डॉक्टरांचं काम सोपं होतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर ती सांगावी, आपल्या मनाने बंद करू नये.

वरची दाढ काढली की नजर कमी होते ही भीती दोन्ही राज्यांत सारखीच ऐकू येते. तसं काही होत नाही. दात साफ करून घेतल्याने ते हलायला लागतात, हेही खरं नाही. दगडासारखा साचलेला थर निघाल्यावर आधीच सैल झालेले दात जाणवतात, इतकंच.

तंबाखूचा भ्रम

खानदेशात मशेरी, गुजरातेत बजर किंवा छींकणी. नाव वेगळं, वस्तू एकच. तंबाखूने हिरडी बधिर होते, म्हणून दाताला ‘बरं’ वाटतं, पण आत हिरडी दात सोडत जाते. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरायला केंद्र सरकारने 1992 मध्येच बंदी घातली. सुपारी आणि मावा चघळणाऱ्यांनी एक तपासणी घरीच करावी. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का पाहावं. जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नसेल, तर दाढ दुखत नसली तरी दवाखाना गाठावा. कर्करोगाआधीची अवस्था अशीच सुरू होते.

मग दाढ दुखूच नये म्हणून?

गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व जास्त. प्रत्येक गोड घासानंतर किंवा गोड चहानंतर तोंडात अर्धा तासभर आम्ल राहतं. जेवणानंतर एक पेढा खाऊन चूळ भरली तर नुकसान कमी. तोच पेढा तुकड्या-तुकड्याने दुपारभर चघळला तर दिवसभर आम्ल. चिकट पदार्थ आणि दाढेत अडकून बसणारी बिस्किटं, शेव, वेफर्स यांनीही किड लागते.

ब्रश दोनदा, मऊ आणि फ्लोराइडच्या पेस्टने. दोन्हीतला रात्रीचा चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. मेहसाणा, बनासकांठ्यासारख्या भागांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आढळतं. तिथे कोणती पेस्ट वापरावी हे डॉक्टरांना विचारावं. दात दुखत नसला तरी वर्षातून एकदा दाखवावा.

घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री टॉर्च लावून त्याच्या तोंडात बघावं. दुधाच्या दातांच्या मागे, एकही दात न पडता, एक मोठी दाढ आलेली दिसेल. बरेच पालक तिला दुधाची समजतात आणि किडली तरी ‘पडेल आणि दुसरी येईल’ म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती कायमची आहे, आणि तिच्यावर काळा ठिपका दिसला तर फिलिंगवर भागण्याची हीच वेळ आहे.