दमा कशामुळे उसळतो आणि त्याला आवर कसा घालावा?

पावसाळा आला की आपल्या कोकणपट्टीत भिंतींना ओल धरते, कपडे घरातच वाळत घालावे लागतात आणि दम्याच्या रुग्णांचे हाल सुरू होतात. विचुंबे-पनवेल परिसरात बांधकामांची धूळ व वाहनांचा धूर यांची त्यात भर पडते. दम्यामुळे मुलांची शाळा बुडते, कष्टकऱ्याचा रोज बुडतो. वेळीच उपचार न झाल्यास जीवही जातो. दमा मुळापासून घालविणारे औषध अद्याप नाही, परंतु तो ताब्यात ठेवता येतो. त्यासाठी नियमित औषध हवे आणि आपला दमा नेमका कशाने उसळतो, हे ठाऊक हवे.

दमा म्हणजे काय?

दमेकऱ्याच्या श्वासनलिका आतून सुजलेल्या व नाजूक असतात. न मानवणारी वस्तू श्वासातून आत गेली की त्यांचे स्नायू आवळतात, सूज वाढते, चिकट कफ साचतो आणि हवेची वाट अरुंद होते. म्हणून छातीत शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते आणि विशेषतः रात्री व पहाटे खोकल्याची उबळ येते. दमा संसर्गजन्य नाही. दमा असलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

दमा उसळविणाऱ्या गोष्टी

१) घरातील धूळ : गादी, उशी, गोधडी यांत माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे राहतात. आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर ते जगतात व दमट हवेत वाढतात. चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावेत, उन्हात चांगले वाळवावेत. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. झाडलोट चालू असताना रुग्णाने बाहेर थांबावे.

२) ओल, बुरशी व झुरळे : गळती वेळीच बंद करावी. भिंतीवरील बुरशी पुसून काढावी. हे काम रुग्णाने करू नये. खरकटे रात्रभर ठेवू नये.

३) धूर : चूल, विडी-सिगारेट, कचरा जाळणे, मिरचीच्या फोडणीचा खाट हे सारे घातक आहे. डासांच्या कॉइलकडे तर आपले लक्षच जात नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण बाहेर पडतात. मच्छरदाणी हा त्यावर स्वस्त व सुरक्षित उपाय आहे. विहारात वंदनेच्या वेळी अगरबत्ती लावल्यास दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. फटाक्यांबाबत पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये पाहणी केली. तपासलेल्या फटाक्यांत सर्वाधिक धूलिकण लहान मुलांच्या आवडत्या नागगोळीतून निघाले!

४) सर्दी व फ्लू : मुलांमध्ये दमा उसळण्याचे हे सर्वांत मोठे कारण होय. हात धुवावेत, फ्लूच्या लशीबाबत डॉक्टरांना विचारावे.

५) कामाची जागा : पिठाची गिरणी, बेकरी, फवाऱ्याचे रंगकाम, रासायनिक कारखाना येथे काम करणाऱ्यास सुट्टीच्या दिवशी बरे वाटत असेल, तर डॉक्टरांना ते अवश्य सांगावे.

६) वेदनाशामक गोळ्या : अॅस्पिरिनसारख्या गोळ्या काहींना सोसत नाहीत. त्या मनाने घेऊ नयेत.

केळी, दही, भात सरसकट बंद करण्याची आपल्याकडे रीत आहे. प्रत्यक्षात अन्नामुळे दमा उसळणारे रुग्ण थोडेच असतात. उगाच पथ्य लादून वाढत्या मुलाला कुपोषित करू नये.

वही ठेवा

वरील प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला बाधत नाही. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८० च्या दशकात काही ठराविक दिवशी दम्याचे रुग्ण एकदम रुग्णालयात येत. संशोधकांनी त्या दिवसांचा बंदरातील नोंदींशी मेळ घातला, तेव्हा ते जहाजातून सोयाबीन उतरविण्याचे दिवस निघाले. कोठाराला धूळ अडविणारी गाळणी बसविल्यावर साथी थांबल्या. हीच रीत घरी वापरता येते. त्रास कधी झाला, त्याआधी कुठे होतो, काय काम केले, काय जाळले, एवढे रोज वहीत लिहावे. महिन्या-दोन महिन्यांत आपले कारण सापडू लागते. ही वही डॉक्टरांनाही दाखवावी.

पंपाची भीती नको

‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून ते अल्प मात्रेत पुरते. मात्र तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावरच विसंबू नये. सूज कमी करणारे औषधही आवश्यक असते, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. बरे वाटले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. व्यायाम व खेळही सोडू नयेत. खेळताना धाप लागत असेल तर डॉक्टरांना सांगून औषध ठरवून घ्यावे.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर पडत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. रुग्णाला बसते ठेवावे, पंप द्यावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून तातडीने रुग्णालय गाठावे.

विद्यार्थी मित्रांनो, पंप दप्तरात ठेवण्यात लाज कसली? चष्मा लावतो तितकीच ती साधी गोष्ट आहे. पालकांनीही ही माहिती वर्गशिक्षकांच्या कानावर घालावी. घरातला धूर आणि धूळ कमी करणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे. त्याची सुरुवात आज रात्रीची कॉइल न लावण्यापासून करता येईल.