कागद खोटा, संशय खरा

जर्मन बेकरीतल्या स्फोटात 13 फेब्रुवारी 2010 रोजी 17 जणांचा बळी गेला आणि मुंबईवरील 26/11 च्या हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीचे नाव पुण्यात पुन्हा पुन्हा निघू लागले. हा माणूस पुण्यात येऊन गेला होता. ऑक्टोबर 2009 पासून तो अमेरिकेच्या कोठडीत होता, आणि त्याला आमच्या ताब्यात द्या असे दिल्लीकडून जाहीरपणे सांगितले जात होते. ही मागणी मनापासून आहे का, ही शंका तेव्हाही घेतली जाई, पण हातात कागद नव्हता.

तो मार्च 2011 मध्ये मिळाला. विकिलीक्सकडून आलेल्या सुमारे 5,100 अमेरिकी केबल्सच्या आधारे चेन्नईच्या ‘द हिंदू’ने वृत्तमालिका सुरू केली. त्यातली एक केबल डिसेंबर 2009 ची, म्हणजे पुण्याच्या स्फोटाआधीची होती. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन यांच्याशी झालेले बोलणे अमेरिकी राजदूत टिमथी रोमर यांनी तीत कळवले होते. प्रयत्न करताना दिसणे सरकारला भाग आहे, तूर्त मात्र प्रत्यर्पण मागितले जात नाही, असा त्याचा आशय होता. ज्यांना शंका होती त्यांना वाटले, आपण म्हणत होतो ते हेच.

इथे थांबून पाहायला हवे. केबल म्हणजे वकिलातीतल्या अधिकाऱ्याने आपल्या मुख्यालयाला पाठवलेला अहवाल. केबल अस्सल असेल, तर अधिकाऱ्याने असे लिहिले एवढे सिद्ध होते. समोरचा नेमके तेच बोलला का, आणि बोलला ते खरे होते का, हे दोन प्रश्न उरतातच. जुलै 2008 च्या विश्वासदर्शक ठरावाआधी एका काँग्रेस नेत्याच्या सहकाऱ्याने वकिलातीतल्या कर्मचाऱ्याला रोकड भरलेल्या पेट्या दाखवल्या, असे दुसऱ्या एका केबलमध्ये होते. केबल छापून येताच त्या सहकाऱ्याने इन्कार केला, आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी संसदेत सांगितले की या मजकुराच्या खरेपणाची खातरजमा सरकार करू शकत नाही. ठरावाच्या दिवशी लोकसभेत नोटांची बंडले फडकताना सगळ्या देशाने पाहिली होती, म्हणून केबल लगेच पटली. पटणे आणि पडताळणे यांतले हे अंतर पुण्याच्या पत्रकारितेने फार आधी, फार मोठी किंमत देऊन ओळखले होते.

जानेवारी 1881 मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. वर्ष सरता सरता कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांच्या हालांविषयी ही पत्रे तळमळीने लिहू लागली. दत्तक आलेले महाराज तेव्हा 18 वर्षांचे होते. त्यांना वेडे ठरवून गोऱ्या देखरेखीखाली ठेवले होते. कारभारी माधवराव बर्वे यांचा या छळात हात आहे, असा संशय होता. अशात बर्व्यांच्या नावची काही पत्रे पुण्यात आली. संपादकांच्या मनात होते तेच त्यांत लिहिलेले होते. पत्रे छापली गेली, बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि पत्रे बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै 1882 मध्ये दोघांना चार-चार महिन्यांची साधी कैद झाली. खटला उभा असतानाच, मार्चमध्ये, त्यांचे सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले होते. संपादकांच्या जामिनासाठी दहा हजार रुपये उभे केले ते सत्यशोधक रामशेठ उरवणे यांनी, जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून. मतांनी इतके दूर असलेले लोक त्या घडीला धावून आले, हे आजही वाचताना भरून येते. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून दोघे ऑक्टोबरमध्ये सुटले.

दोघांचीही उमर तेव्हा पंचविशीच्या आसपासची. बनावट पत्रे करणाराचे कसब थोर होते म्हणून ते फसले, असे मला वाटत नाही. पत्रे त्यांच्या खात्रीशी जुळली, म्हणून फसले. मनाविरुद्धचा कागद आला असता तर त्यांनी हस्ताक्षर तपासले असते, पत्र कोणी आणि कसे मिळवले ते खोदून विचारले असते.

आणि मग 25 डिसेंबर 1883 रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत विशीतल्या महाराजांचा अंत झाला. छळाची शंका निराधार नव्हती. पण बर्व्यांवरचा आरोप त्या पत्रांवर उभा होता, आणि तो पत्रांबरोबरच कोसळला.

पुढे ऑक्टोबर 1889 मध्ये कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरबाबतचे एक गोपनीय टिपण छापले. महाराजा प्रतापसिंगांचे अधिकार काढले ते गैरकारभारामुळे नव्हे, तर इंग्रजांना गिलगिट हवे म्हणून, असा ‘पत्रिके’चा संशय होता. मजकुराचा काही भाग बनावट आहे, असे व्हाइसरॉय लॅन्सडाउन म्हणाले, आणि त्याच महिन्यात गोपनीयतेचा कायदा मंजूर झाला. त्याच्या जागी आलेला 1923 चा कायदा आजही लागू आहे. बातमीदाराची अडचण इथेच आहे. कागद पडताळायचा तर तो कुणा जाणकाराला दाखवावा लागतो, आणि असा कागद जवळ बाळगणे, दुसऱ्याला देणे हाच गुन्हा ठरू शकतो. या कायद्यामुळे घाईने छापणाऱ्यापेक्षा नीट तपासणाराच जास्त अडचणीत येतो, ही मला त्याची सर्वांत वाईट बाजू वाटते.

2005 च्या माहिती अधिकार कायद्यात याला थोडी वाट आहे: जनहित वरचढ असेल तर गोपनीयतेचा कायदा असूनही माहिती देता येते. 10 एप्रिल 2019 रोजी राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ‘द हिंदू’त छापून आलेले फुटलेले कागद विचारात घ्यायला मान्यता दिली, ती सरकारचा आक्षेप फेटाळून. त्या कागदांच्या अस्सलपणावर सरकारनेही वाद घातला नव्हता. नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका मात्र फेटाळल्या गेल्या.